लेकीचा वाटा आणि नॉमिनेशनचा रकाना



स्मरणिका समितीच्या मंडळींनी "काका, इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वज्रेश्वरी, गणेशपुरी, चिमाजी अप्पा आणि वसईची मोहीम असणार. ते विषय मोलाचे आहेतच, पण त्यांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आपल्यात आहेत. माझं आयुष्य बँकेत गेलं. माणूस गेल्यावर त्याच्या खात्याचं, ठेवींचं, लॉकरचं काय होतं आणि त्यावरून सख्ख्या भावंडांत काय होतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने वर्षानुवर्षं पाहिलं. म्हणून मी निवडलेला इतिहास जरा वेगळा आहे. आई-वडिलांच्या मालमत्तेत मुलांना, विशेषतः मुलींना, वाटा कसकसा मिळत गेला, त्याचा हा इतिहास.

हा विषय आजच का? कारण उघड आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण अंबाडीला राहायला आलो तेव्हा आपण चाळिशी-पन्नाशीत होतो आणि मुलं शाळेत होती. वाडा रोडवर तेव्हा आजच्यासारखी वर्दळ नव्हती आणि फ्लॅटचा भाव आज सांगितला तर मुलं हसतात. आता मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली, काही सोबती आपल्याला सोडून गेले. भिवंडी तालुक्यातून समृद्धी आणि मुंबई-वडोदरा असे मोठे रस्ते आले, गोदामं आली, जमिनीला सोन्याचा भाव आला. घर राहायला घेतलं होतं, त्याची आता 'इस्टेट' झाली. आणि इस्टेट झाली की वाटणी आलीच. आपल्या कमिटीपुढे हल्ली जे अर्ज येतात त्यांत पाणीगळती आणि पार्किंगच्या खालोखाल हाच विषय असतो. "नॉमिनी मी आहे, फ्लॅट माझ्या नावावर करा", "बहिणीची सही लागतेच का?", "आईचं नाव कशाला?" वगैरे.

विज्ञानेश्वरापासून सुरुवात

हिंदू वारसा कायद्याचा उगम शोधायला गेलं की आपण अकराव्या-बाराव्या शतकात पोचतो. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्याची राजधानी कल्याणी. हे आपलं खाडीकाठचं कल्याण नव्हे, कर्नाटकात बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. मिताक्षरेचं सूत्र असं, की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क. बाप जिवंत असतानाही तो भागीदार. बंगालात जीमूतवाहनाचा 'दायभाग' चालत असे. त्यात बाप जाईपर्यंत मुलालाही हक्क नव्हता. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान होती. मुलगा असेल तर मुलीने हिशेबात यायचं नाही. तिचं लग्न करून द्यायचं, अंगावर चार दागिने घालायचे, ते तिचं स्त्रीधन.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट यांनी 'व्यवहारमयूख' लिहिला. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं, काशीला जाऊन स्थायिक झालेलं. इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण, म्हणजे आपला ठाणे जिल्हा धरून, कोर्टं मयूखाला मान देत. मयूखाने बहिणीला वारसांच्या यादीत इतर ठिकाणच्या मानाने बरीच वरची जागा दिली होती. मुंबई इलाख्यात मुलगा आणि विधवा नसताना बापाची मालमत्ता मुलीकडे आली, तर ती तिच्या पूर्ण मालकीची होत असे. इतर प्रांतांत ती फक्त हयातीपुरती मिळे. म्हणजे लेकीला काही देण्याची रीत आपल्याकडे अगदीच परकी नव्हती. अट एकच होती, भाऊ नसला पाहिजे.

१९३७ ते १९५६

पहिलं मोठं पाऊल पडलं ते विधवांसाठी. १९३७ साली मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मंजूर झालं. 'देशमुख कायदा' म्हणूनच ते ओळखलं जातं. नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण हयातीपुरता. विकायचा किंवा कोणाला द्यायचा अधिकार नाही. मुलीला त्यातही काही नव्हतं.

त्याच १९३७ साली मुस्लिम समाजासाठी शरियत कायदा झाला. भिवंडीत राहणाऱ्या आपण सर्वांनी हे माहीत करून घ्यायला हरकत नाही. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण ठरलेला आहे आणि मृत्युपत्र करून सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता दुसरीकडे वळवता येत नाही. ख्रिस्ती बांधवांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात मुलगा-मुलगी समान.

१९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायद्यासाठी समिती नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे तिच्यावर होते. या समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. पुढे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती हे काम आलं, तेव्हा निम्म्याचा पूर्ण झाला. मुलगा आणि मुलगी समान. यावर संसदेत आणि बाहेर केवढा गदारोळ झाला! घरं फुटतील, भाऊ-बहीण वैरी होतील, जावई येऊन घरात बसतील, अशी भाकितं झाली. विधेयक रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्यामागे आणखीही कारणं होती, पण हिंदू कोड बिल हे त्यातलं मोठं कारण होतं. लेकींच्या वाट्यासाठी एका कायदामंत्र्याने खुर्ची सोडली, ही गोष्ट आपण घराघरांत सांगायला हवी. आपण ती सांगत नाही.

मग ते बिल तुकड्यातुकड्याने मंजूर झालं. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. यात एक मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण आपले फ्लॅट त्यात येतात. माणसाची स्वकष्टार्जित मालमत्ता असेल आणि त्याने मृत्युपत्र केलं नसेल, तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे वाटे. आपण जे फ्लॅट पगारातून आणि कर्जाचे हप्ते फेडून घेतले ते बहुतेक स्वकष्टार्जित. "मुलींना हक्क आता आता मिळाला हो" असं म्हणतात ते फ्लॅटच्या बाबतीत खरं नाही. तो १९५६ पासून आहे. आणि गावाकडे राहणारी म्हातारी आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस आहे, हे तर कितीतरी जणांच्या गावीही नसतं.

वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र १९५६ ने मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. आकड्यांत सांगतो, सवय आहे. समजा एका माणसाची पत्नी आधी वारली, दोन मुलगे, एक मुलगी आणि नऊ लाखांची वडिलोपार्जित जमीन. तो मृत्युपत्र न करता गेला. आधी बाप आणि दोन मुलगे असे तीन भाग धरायचे, तीन-तीन लाखांचे. मग बापाच्या तीन लाखांचे तिघा मुलांत तीन वाटे. म्हणजे मुलगे प्रत्येकी चार लाख, मुलगी एक लाख. शिवाय राहत्या घराबद्दल कलम २३ होतं. भाऊ वाटणी करत नाहीत तोवर मुलीला वाटणी मागता येत नव्हती. लग्न न झालेली, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असेल तर तिला तिथे फक्त राहता येई.

आधी जबाबदारी, मग हक्क

आता एक खटला सांगतो. आपल्या शेजारच्या कल्याणमधला. तिथे दवाखाना चालवणाऱ्या एका विवाहित डॉक्टर महिलेवर तिच्या वडिलांनी पोटगीसाठी अर्ज केला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये आई-वडिलांच्या पोटगीची तरतूद होती. मुलीचं म्हणणं, कलमाच्या इंग्रजी मजकुरात पुल्लिंगी शब्द आहे, तेव्हा ही जबाबदारी मुलाची. लग्न झालेल्या मुलीची नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये कोर्टाने निकाल दिला की स्वतःची पुरेशी कमाई असेल तर विवाहित मुलीवरही आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी आहे. लग्न झालं म्हणून ती मुलगी असायची थांबत नाही, हा त्याचा मथितार्थ.

मला हा निकाल योग्यच वाटतो. पण तारीख बघा. १९८७. त्या वेळी वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्रातल्या मुलीला जन्मसिद्ध हक्क नव्हता. म्हणजे खातेवहीत नावेची बाजू आधी भरली आणि जमेची कोरी राहिली.

ती भरायला महाराष्ट्रात १९९४ उजाडलं. त्याआधी ग्रामीण भागात एक वेगळी हवा तयार झाली होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि नंतर 'लक्ष्मी मुक्ती' हा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. कायद्याने भाग पाडलं म्हणून नव्हे, तिच्या कष्टाचं देणं फेडायचं म्हणून. २२ जून १९९४ पासून राज्याने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती लागू केली आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. आंध्र, तमिळनाडूने हे आधी केलं होतं. आपल्या कायद्यात एक मेख होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नव्हता. त्यामुळे एकाच घरातल्या थोरलीचं लग्न १९९३ ला झालं म्हणून तिला नाही आणि धाकटीचं १९९५ ला झालं म्हणून तिला आहे, असा प्रकार झाला. थोरल्या बहिणीने काय पाप केलं होतं?

ती मेख देशभराच्या कायद्याने निघाली. ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित असो वा अविवाहित, प्रत्येक मुलगी जन्माने सहदायक झाली आणि ते कलम २३ सुद्धा गेलं. तरी वाद संपले नाहीत. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की त्या तारखेला बाप हयात असायला हवा. २०१८ मध्ये दुसऱ्या निकालाने वेगळी दिशा दाखवली. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने स्वच्छ सांगितलं, हक्क जन्माने आहे, बाप २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरायच्या नाहीत. वर सांगितलेल्या नऊ लाखांच्या जमिनीत आता तिघांना तीन-तीन लाख.

एक वर्ग मात्र अजून बाहेर आहे आणि तो आपल्या अंबाडीच्या अवतीभोवतीच राहतो. आपले वारली, कातकरी, ठाकर, मल्हार कोळी बांधव. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, त्यांच्याकडे रूढी चालते. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला यावर विचार करायला सांगितलं. आपल्या घरी पोळ्या-भांडी करायला पाड्यावरून येणाऱ्या मावशींच्या लेकीला तो हक्क नाही, हे आपण लक्षात ठेवावं.

माहेर टिकवण्यावर सही

कायद्याचा इतिहास असा सरळ रेषेत पुढे गेला. घरांचा इतिहास तसा गेला नाही. मी एका शाखेत असताना एका मयत खातेदाराच्या दोन मुली हक्क सोडल्याच्या पत्रावर सही करायला आल्या होत्या. सोबत भाऊ. मी नियमाप्रमाणे थोरलीला विचारलं, "ताई, कशावर सही करताय माहीत आहे ना?" ती म्हणाली, "हो साहेब. माहेर टिकवण्यावर."

या एका वाक्यात सगळं आलं. तलाठी कार्यालयात वारस नोंद होताना, सब-रजिस्ट्रारकडे हक्कसोडपत्र होताना हेच घडतं. बहीण हिस्सा मागते तेव्हा तिला हिस्सा मिळेल, पण भाऊबीजेचं ओवाळणं, बाळंतपणाची हक्काची खोली आणि "कधी आलीस?" हा प्रश्न जाईल, अशी तिला भीती असते. भाऊ वाईट असतो असंही नाही. आई-वडिलांचं आजारपण त्याने काढलेलं असतं, घराचे हप्ते भरलेले असतात. "लग्नात खर्च केलाच की" हे त्याचं म्हणणं. दोघंही आपापल्या जागी अडकलेली असतात. माझं म्हणणं, हा पेच भावंडांवर सोडून जाणं हाच मुळात अन्याय आहे आणि तो करणारे आपण, म्हणजे आई-वडील. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीला कोणी अडवू नये. पण तिला हिस्सा किती होता, हे न सांगता घेतलेली सही ही स्वखुशी नव्हे.

नॉमिनी म्हणजे कॅशियर

आता सोसायटीकडे वळतो. सहकारी गृहनिर्माणाची आपली परंपरा जुनी आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी यांनी हे रोपटं लावलं. परक्या माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवून एका छपराखाली यायचं, ही त्यामागची कल्पना. या विश्वासाची सगळ्यात मोठी परीक्षा सभासद गेल्यावर होते.

सहकार कायद्यातल्या नामनिर्देशनाबद्दल, म्हणजे नॉमिनेशनबद्दल, सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कॅशियरच्या हातात दिवसभर लाखो रुपये असतात, पण संध्याकाळी त्याला ते मोजून द्यावे लागतात. नॉमिनीचं तसंच. तो विश्वस्त आहे. सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये विम्याच्या पैशाबद्दल हे सांगितलं. (विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला आणि आता पती-पत्नी, मुलं, आई-वडील नॉमिनी असतील तर त्यांना रक्कम मालकीने मिळते. तो अपवाद.) बँकेच्या ठेवींबद्दल २०१० मध्ये आणि शेअर्सबद्दल २०२३ मध्ये कोर्टाने तेच सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटबद्दल २०१६ चा निकाल आहे. सोसायटीने नॉमिनीच्या नावे भाग वर्ग करावेत, पण मालकीवरचा वारसांचा दावा त्याने संपत नाही. २०१९ मध्ये आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात तर नॉमिनीला 'तात्पुरता सभासद'च म्हटलं आहे. मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कौटुंबिक करार यांवरून खरा वारस ठरेपर्यंत.

बँकेत नॉमिनेशनची सोय १९८५ च्या मार्चमध्ये सुरू झाली. परिपत्रक शाखेत आलं तेव्हा मी नोकरीत होतो. त्याआधी विधवा बाईला नवऱ्याचे पाच हजार रुपये काढायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत. त्यामुळे ही सोय मोठीच होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँकेत चार नॉमिनी टक्केवारीसह नेमता येतात. पण सोय वेगळी आणि मालकी वेगळी, एवढं समजलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

भांडण मिटलं नाही की काय होतं, ते आपण आपल्याच इमारतीत पाहतो. फ्लॅटला कुलूप लागतं, तिघा भावंडांची तीन पत्रं कमिटीला येतात, मेंटेनन्स कोणीच भरत नाही आणि ती थकबाकी ताळेबंदात वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते. लिफ्टचा आणि वॉचमनचा त्यांचा वाटा बाकीचे आपण सगळे उचलतो. एका घरातला अविश्वास सगळ्या सोसायटीच्या खिशातून वसूल होतो तो असा.

आई-वडिलांनी हात रिकामे करू नयेत

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली शासनाने राहतं घर पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये केलं. सोय चांगली, पण त्यामुळे "आताच नावावर करून टाका ना बाबा" हे म्हणणंही सोपं झालं. घर नावावर झालं आणि बाबा हॉलमधून गॅलरीत आले, अशी उदाहरणं आपण सर्वांनी ऐकली आहेत.

यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. आपल्या राज्यात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, आपल्यासाठी भिवंडीला. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ केला नाही तर परत घेता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावावा. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची अट स्पष्ट लिहा. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही (पण केलेली चांगली) आणि हयातीत कितीदाही बदलता येतं.

सारखं आणि न्याय्य

शेवटचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. सगळ्यांना सारखं दिलं की न्याय झाला का? एका मुलाने कर्जाचे हप्ते भरले, एका मुलीने नोकरी सांभाळून दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या, एक अपत्य दिव्यांग आहे. तिथे तिघांना सारखं देणं न्याय्य होईलच असं नाही.

आपल्यातल्याच एका गृहस्थांनी हा प्रश्न कसा सोडवला ते, नाव न घेता, सांगतो. त्यांनी दिवाळीत मुलगा-सून, मुलगी-जावई सर्वांना बसवलं आणि मृत्युपत्र वाचून दाखवलं. मी हयात असेपर्यंत घर माझं. नंतर बायको असेपर्यंत तिला कोणी हलवायचं नाही. ती गेल्यावर घर विकलं तर मुलाने भरलेले हप्ते आधी त्याला परत आणि उरलेले दोघांना निम्मे. मुलगी म्हणाली, "बाबा, मला काही नको." ते म्हणाले, "नको असेल तर नंतर भावाला दे. मी तुझा बाप आहे, मला द्यायचंच आहे." मुलगा दोन महिने नाराज होता, हेही सांगितलं पाहिजे. मग बहिणीनेच फोन केला आणि गाडी रुळावर आली. आज ते गृहस्थ निश्चिंत आहेत. भांडण झालंच तर आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि मिटलंही, असं ते म्हणतात.

कमी-जास्त द्यायचं असेल तर द्या, पण सगळ्यांसमोर द्या आणि कारण सांगून द्या. मुलांना वाटा कमी मिळाल्याचं दुःख विसरता येतं. आपल्यापासून लपवलं, हे विसरता येत नाही. वर्षभराच्या हिशेबाला आपण सर्वसाधारण सभा घेतो आणि आयुष्यभराच्या हिशेबाला एकही घेत नाही, हे मला पटत नाही.

रौप्यमहोत्सवी वर्षात माझी सभासदांना चार गोष्टींची विनंती आहे. एक, सोसायटीच्या दप्तरात आपलं नामनिर्देशन आहे का ते बघा. अर्ज तीन प्रतींत करायचा असतो, पहिल्या वेळी फी नाही. ज्यांच्या पत्नीचं नाव करारनाम्यात नाही त्यांनी निदान नॉमिनेशनच्या वेळी तरी तिचा विचार करावा. दोन, मृत्युपत्र करा, त्याला अपशकुन समजू नका. तीन, मुलगा आणि मुलगी दोघांनाही कागद कुठे आहेत ते सांगा. चार, आपली हकीकत कमिटीच्या कोणा एकाच्या कानात सांगून ठेवू नका. ती लिहून ठेवा. कमिटी दर पाच वर्षांनी बदलते, कागद बदलत नाही.

कमिटीलाही एक सुचवतो. येत्या वार्षिक सभेच्या दिवशी नामनिर्देशनाचे कोरे अर्ज आणि दोन पेनं टेबलावर ठेवा. चहाच्या वेळात निम्मं काम होईल. मी भरून द्यायला बसतो, ती सवय अजून गेलेली नाही.

आपल्या सर्वांची घरं भरलेली राहोत आणि दर भाऊबीजेला आपल्या जिन्यांवर लेकींची वर्दळ असो, ही प्रार्थना.